आपोआप न निघणारी वायर

नेटवर्किंग शिकवणाऱ्या आमच्या औरंगपुऱ्यातल्या क्लासचं नेट ऐन प्रवेशाच्या गर्दीत बंद पडलं, आणि दुरुस्तीला सोमनाथ आला. पडेगावचा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला. पाच मिनिटांत त्यानं नेट सुरू केलं, जाताना माझ्याकडे बघून हसला... आणि मी, अश्लेषा, काउंटरवर बसून कोर्स विकणारी, त्या दिवशी सगळ्यांना फी चुकीची सांगत बसले.

खरं सांगू? त्यानंतर आमचं नेट दर आठवड्याला बंद पडू लागलं. म्हणजे — मीच पाडत होते. टेबलाखालची वायर काढायची, तक्रार नोंदवायची आणि केस नीट करून बसायचं.

"परत निघाली की वो मॅडम!"

"तुमचं कामच कच्चं," मी म्हणायचे.

एका सोमवारी मात्र काम झाल्यावर तो समोरच्या खुर्चीत बसला. "एक विचारू? तुमचा कोर्स करू का? पंचेचाळीस हजार साठलेत, दोन वर्षांत. सर्टिफिकेट नाय म्हणून कंपनीवाले दारातूनच वापस पाठवतात."

मी लगेच मनात मांडे खाल्ले. सहा महिने, रोज संध्याकाळी, समोरच्या वर्गात सोमनाथ! नुसतं 'करा' म्हणायचं होतं. तेवढ्याचाच तर पगार मिळायचा मला. पण तारा सोलून चरे पडलेली त्याची बोटं दिसली. आम्ही शिकवतो त्यातलं निम्मं त्या बोटांना पाठ होतं.

"कोर्स नका करू," मी हळूच म्हणाले. "सर्टिफिकेट कामाचं आहे, ते घ्या. पण परीक्षेला बाहेरूनही बसता येतं. फक्त परीक्षेची फी भरा, बाकी पैसे राहू द्या."

"पण मंग... इकडं येणं नाय व्हायचं."

"नाही व्हायचं," म्हणत मी उगाच पावतीपुस्तक उघडलं.

पुढचे दोन आठवडे मी वायरीला हात लावला नाही. त्याचा अभ्यास मोडला असता. दिवस मात्र जाता जात नव्हते.

तिसऱ्या सोमवारी तो दारात उभा, हातात जाडजूड पुस्तक.

"तक्रार तर केली नाही आम्ही," मी म्हणाले.

"ठाऊक हाय. फी भरली परीक्षेची. पण प्रश्न समदे इंग्रजीत. रोज कुणी माझ्याकडनं वाचून घेतलं तर... तुमी घ्याल?"

"रोज?"

"रोज."

मग त्यानं वाकून टेबलाखालची वायर जोरात ओढली. ती हललीसुद्धा नाही. "हिला खटका असतो मॅडम. दाबल्याबिगर निघत नाय."

माझे कान तापले. "म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..."

"दुसऱ्या खेपंपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर परत बोलावलं असतं का?"

मी त्याच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं आणि पहिलं पान उघडलं.

"बसा. आणि आधी ते मॅडम बंद."

"बरं..." तो खुर्ची जवळ ओढत म्हणाला, "अश्लेषा."