वाऱ्याचा निरोप

वारा सुटल्यामुळे मांडव्याच्या धक्क्यावर बोट लागलीच नव्हती. आभाळ काळवंडून पाण्यापर्यंत खाली आलेलं. प्रतीक्षालयातला एकुलता एक चालू प्लग रुचितानं अडवला होता. मांडीवर लॅपटॉप, कपाळाला आठी.

“थोडा वेळ मोबाइल लावू?” प्रज्योतनं विचारलं. तो चौलचा. आज मुंबई, उद्या विमानानं मस्कत... दोन वर्षांची नोकरी.

तिनं न बघताच वायर काढून दिली. पडद्यावरची लाल ओळ मात्र त्याच्या ओळखीची निघाली.

“नल येतंय, म्हणजे जागा रिकामी... कोडची दोन फ्रेमवर्क एकत्र केलीत?”

आता तिनं वर पाहिलं. “तुम्हाला कसं कळलं?”

“याच ओळीनं माझी आठवडाभर झोप उडवली होती.”

ती इथल्याच कोळीवाड्यातली; वाऱ्यानं घरची वीज गेली म्हणून इथं येऊन बसलेली. वादळाचा इशारा होडीवाल्यांच्या मोबाइलवर पाठवायची सेवा ती मच्छीमार सोसायटीसाठी बनवत होती. होड्यांची नोंद जुन्या फ्रेमवर्कमध्ये, निरोप पाठवायचं काम नव्यात. वेगवेगळी दोन्ही नीट चालत; जोडली की निरोप पाठवणाऱ्या भागाच्या जागी काहीच नसे. आणि उद्या दोनशे होड्या खोल पाण्यात निघणार होत्या.

“कोडचा हा भाग, हा क्लास, तयार कोण करतंय?”

“जुनं फ्रेमवर्क.”

“मग नव्याला तो ठाऊकच नाही. त्यात तुझा... तुमचा निरोप पाठवणारा सेंडर भरणार कोण?”

“तुझा चालेल,” ती कीबोर्डकडे बघत म्हणाली.

दोन्ही फ्रेमवर्कना जोडणारं मॉड्यूल राहून गेलं होतं. ते घातलं, क्लास नव्याच्या ताब्यात दिला. पुन्हा चूक. नोंदणीतलं एक नाव बदललं. खांद्याला खांदा लागला... कुणीच सरकलं नाही. तिसऱ्या वेळी लाल ओळ आली नाही, चाचणीचा निरोप गेला आणि तिच्या पर्समध्ये एक मोबाइल वाजला.

“तुझा?”

“मितेशचा. भावाचा.” ती थांबली. “समुद्रात गेला त्याला दोन वर्षं झाली. त्या दिवशी इशारा आला होता, पण त्याच्यापर्यंत पोचला न्हाय. नंबर चालू ठेवलाय मी.”

प्रज्योत उठून दोन कटिंग घेऊन आला. चहा पिता पिता तिनं होडीवाल्यांच्या नंबरांची यादी जोडली.

वारा थोडा पडला. बोट लागली, रांग हलली.

“माझा नंबर घाल यादीत,” तो म्हणाला.

“मस्कतला इथला वारा काय करायचाय?”

“वारा नको गं... निरोप तू पाठवणार ना.”

“आणि समुद्र शांत असला तर?”

नंबर सांगून तो फळीवरून बोटीत चढला; धुरकट पाण्यात बोट दिसेनाशी झाली. एवढ्या दिवसांनी तिच्या शेजारी कुणी बसलं होतं, आणि तेही गेलं.

तासाभरानं तिनं लिहिलं, “आज इशारा नाही. पोचलास?”

उत्तर लगेच आलं. “पोचलो... पोचायचं नव्हतं.”