शुभेच्छुक नकोत

प्रणिताचा पारा चढला की पेणच्या रामवाडीतल्या त्या फ्लेक्सच्या दुकानात पंखासुद्धा दबकून फिरायचा. आणि त्या सकाळी तो चढलेलाच होता. कुणा बंटीशेठच्या वाढदिवसाचा बॅनर होता. खाली शुभेच्छुकांच्या गोल फोटोंच्या दोन ओळी ठासून भरून झाल्या होत्या, आणि आता बंटीशेठचा माणूस आणखी तीन फोटो घेऊन आला होता. ते तिघे म्हणे रुसले होते.

"लाव गो, कडेला कुठंतरी."

"कडेला कुठं? बंटीशेठच्या कानात लावू?"

मागून कुणीतरी फस्सकन हसलं. प्रणिता गर्रकन वळली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, नाकावर चष्मा, अंगानं काडी... सुरक्षा सप्ताहाचा बॅनर न्यायला आलेला एक मुलगा दारात उभा होता.

"हसायला काय झालं?"

"काय नाय." त्यानं स्क्रीनकडे पाहिलं. "पण कानात खरंच जागा हाय."

तिला हसू आलं. ते तिनं दाबलं, आणि दाबावं लागलं म्हणून ती आणखीच चिडली.

बंटीशेठचा माणूस तिन्ही फोटो लावून घेऊनच गेला. तो मुलगा मात्र बॅनरची गुंडाळी काखेत धरून तिथंच घुटमळत राहिला.

"तुम्ही... गेमचं कव्हर कराल?"

त्याचं नाव निकेश. रोह्याच्या एका कंपनीत, लॅबमध्ये होता. शिफ्ट संपली की घरी बसून गेली दोन वर्षं तो एकट्यानं एक गेम बनवत होता. कोड्यांचा गेम, नाव 'उघाडी'. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी झापांचं दार. भरतीला मिटतं, खारं पाणी शेतात येऊ देत नाही. ओहोटीला उघडतं, शेतातलं पाणी सोडून देतं. गडब गावात त्याच्या मामाच्या शेताजवळ तशी एक होती. गेममध्ये एक चिंबोरी, म्हणजे खाडीतली खेकडी, अशा उघाड्या योग्य क्रमानं उघडत-मिटत भातशेतं वाचवायची.

"ऑनलाइन स्टोअरवर हजारो गेम असतात," तो म्हणाला. "लोक एवढंसं चित्र बघतात. आवडलं तर थांबतात, नायतर गेले पुढं."

मग त्यानं स्वतः केलेलं कव्हर मोबाईलवर दाखवलं. त्यात उघाडी होती, होड्या होत्या, शेत, बगळे, चिंबोरी, नाव रंगीबेरंगी अक्षरांत. आणि सगळ्यात खाली... गोल फोटो.

"शुभेच्छुक?" प्रणिता किंचाळली. "गेमवर शुभेच्छुक?"

"मदत केलीय त्यांनी. हा मामा. हा आदेश, संगीत त्याचं. नाय लावलं तर बरं दिसत नाय ना..."

तिनं मोबाईल त्याच्या हातातून ओढला, चित्र नखाएवढं केलं, मोबाईल गोंदाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि त्याला बाहीला धरून थेट दारापर्यंत नेलं.

"सांगा. काय दिसतंय?"

त्यानं डोळे बारीक केले. "हिरवं..."

"आणखी?"

"एक डाग."

"तो तुमचा मामा!"

तो खळखळून हसला. ती अजिबात हसली नाही. "करीन मी," ती म्हणाली. "पण माझ्या चित्रात कुणी एक रेघ वाढवायची नाय. आणि कोपऱ्यात माझं नाव पायजे."

अट ऐकायला साधी होती, पण प्रणिताचा सगळा राग त्या अटीतच साठला होता. अख्ख्या पेणमध्ये नाक्यानाक्यावर तिनं केलेले बॅनर लटकायचे, आणि त्यातला एकही तिचा नव्हता. कुणीतरी यायचं, फोटो वाढवायचं, रंग भडक करायचं. खाली नाव असायचं ते मितेशदादाच्या, म्हणजे तिच्या भावाच्या दुकानाचं. एक तरी चित्र असं हवं होतं, की बोट ठेवून म्हणता येईल... हे माझं.

निकेशनं मान डोलावली. "ठरलं."

त्यानंतर दोघं नुसती भांडत राहिली. चित्राला हात लावण्याआधी गेम खेळणार, असं तिनं ठणकावलं, आणि खेळताना अडकली की त्याला फोन करून झापू लागली. "हा बांध काय तुझ्या मामानं दारू पिऊन घातला?" 'तुमच्या'चं 'तुझ्या' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

मग एका रविवारी तो तिला गडबला घेऊन गेला, खरी उघाडी बघायला. ओहोटी लागली होती. शेताकडचं पाणी झापांना आतून रेटत होतं, आणि जुनं काळं लाकूड कुरकुरत जरासं उघडत होतं. फटीतून दुपारचं ऊन पाण्यावर सांडलं. प्रणिता बघतच राहिली... आणि बघता बघता तिची चप्पल चिखलात रुतली.

निकेशनं वाकून ती ओढून काढली, पाण्यात विसळली आणि तिच्या पायाशी नीट ठेवली. मग वर बघत तसाच उकिडवा बसून राहिला.

"बघतोस काय?"

"राग उतरला काय, ते बघतो."

"नाय उतरला."

"बरं हाय," तो हळूच म्हणाला. "तू रागावलीस की खरं बोलतेस... बाकी कोण बोलतंय माझ्याशी खरं?"

परत येताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. कान मात्र लाल झाले होते.

चित्र झालं. सगळीकडे काळंनिळं पाणी. मधोमध किंचित उघडलेलं एक दार, फटीत पिवळंधमक ऊन, आणि ते झाप नांगीनं रेटणारी एवढीशी चिंबोरी. वर जाड अक्षरांत 'उघाडी'. दारातून बघितलं तरी कळत होतं, की काहीतरी अडलंय आणि ते आपणच सोडवायचंय. उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'प्रणिता'.

निकेश कितीतरी वेळ त्या चित्राकडे बघत उभा होता. मग एवढंच म्हणाला, "चढवतो स्टोअरवर."

एवढंच? त्या रात्री प्रणिताला जेवण गेलं नाही.

मग चार-पाच दिवस त्याचा फोनच नाही. शेवटी तिनं स्वतःच स्टोअर उघडून शोधलं, 'उघाडी' नावाचं काही सापडेना. खाली सरकवत सरकवत गेली तेव्हा ती चिंबोरी दिसली. कोपरा कोरा होता. तिचं नाव पुसलेलं. आणि वर 'उघाडी'च्या जागी, कसल्यातरी बेढब अक्षरांत, हे मोठं थोरलं... 'प्रणिता'.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादाला न सांगता ती तशीच रोह्याच्या एसटीत चढली. गडब गेलं, नागोठणं गेलं, ती मनातल्या मनात शिव्या रचत होती. कंपनीच्या गेटवर पोचली तेव्हा शिफ्ट सुटत होती.

"निकेश!"

अर्धी कंपनी वळून बघायला लागली.

"कुणाला विचारून? वाढवायचं नाय ठरलं होतं ना?"

"ऐक तरी—"

"नाव का पुसलंस माझं?"

"स्टोअरवाल्यांनी चित्र परत पाठवलं," तो चाचरत म्हणाला. "कव्हरवर गेमच्या नावाशिवाय एक अक्षर चालत नाय त्यांना. फक्त गेमचं नाव चालतं. मग मी... गेमचंच नाव बदललं."

कुणीतरी शिट्टी मारली. पण प्रणिताचं तोंड काही थांबलं नाही.

"अक्कल हाय काय तुला? दार, पाणी, चिंबोरी, आणि वर प्रणिता! लोकांना वाटेल चिंबोरीचं नाव प्रणिता! कोण घेणार हा गेम? दोन वर्षांची मेहनत एका नावासाठी बुडवतोस?"

"एका नावासाठी नाय," त्यानं खाली बघत म्हटलं. "तुझ्या नावासाठी. तू म्हणालीस ना, माझं नाव पायजे... मला वाटलं, गेम बुडला तर बुडू दे. पण तू जायला नको..."

तो चष्म्याची काच पुसत राहिला, पुसलेलीच पुन्हा पुसली.

"लॅपटॉप काढ," ती म्हणाली.

गेटसमोरच्या टपरीच्या बाकावर दोघं बसली. तिनं 'प्रणिता' खोडून जुनं 'उघाडी' परत बसवलं. चित्र नखाएवढं केलं आणि लॅपटॉप त्याला लांब धरायला लावला. दार, ऊन, चिंबोरी. सगळं स्वच्छ दिसत होतं. कोरा कोपरा मुळीच खटकत नव्हता. मग तिनं कोपऱ्यात आपलं नाव पुन्हा घालून पाहिलं. डाग. मामासारखाच डाग. हे तिला चित्र केलं त्याच दिवशी कळलं होतं. फक्त स्वतःवर चिडायचं तिच्या जिवावर आलं होतं.

आपलं नाव तिनं आपल्या हातानं पुसलं.

"प्रणिता... असू दे ना. मी भांडतो त्यांच्याशी."

"नाय. माझं चित्र हाय. मी ठरवणार." डोळे भरले म्हणून ती पुन्हा चिडली. "पण माझं नाव कुठंतरी लागलंच पायजे. समजलं?"

"कुठं लावू? सांग तू."

"आमच्या दुकानात लग्नपत्रिका पण छापतात," ती चहाच्या ग्लासाकडे बघत फणकारली. "मी करणार. फक्त दोन नावं. बाकी फोटो नाय, रांग नाय, शुभेच्छुक नकोत!"

निकेशच्या हातातला लॅपटॉप घसरता घसरता राहिला. त्याला नीट समजायला जरा वेळ लागला, आणि समजल्यावर तो बावळटासारखा हसायला लागला.

"मामाचं तरी नाव..."

"नाय म्हटलं ना!"

"बरं. आणि कोपऱ्यात? चित्रकाराचं नाव?"

"कोपऱ्यात कशाला?" प्रणिता रागानंच म्हणाली. "मधोमध असणार ना मी... तुझ्या बाजूला."