पूर्वहस्त

वापरलेल्या हायब्रीड गाड्या निम्म्या किमतीत मिळत होत्या, तरी कराड-पाटणच्या बाजूला त्यांना गिऱ्हाईक नव्हतं. लोक हौसेनं यायचे, एक चक्कर मारायचे आणि तोंड बारीक करून नव्या गाडीच्या शोरूमकडे वळायचे. मंजिरीचा कलही नव्या गाडीकडेच होता. पण तिच्या बहिणीची मुलगी शर्वरी, जिनं या गाड्यांच्या संशोधनात दहा वर्षं घातली होती, ती हटूनच बसली. "मावशी, आधी वापरलेली चालवून बघ. तीही कुंभार्ली घाटात."

घाटाचं नाव काढल्यावर मंजिरीला नाही म्हणवेना. तिची लेक ईशानी घाटापलीकडे चिपळूणला दिलेली. सातवा महिना संपत आला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, यावर दोन्ही घरांचं एकमत होतं. आपोआप चालणाऱ्या गाड्यांना घाटात बंदी होती. जुनी गाडी, तीही हायब्रीड आणि नवीच घेतलेली, पंधरा वर्षं पुरी झाली म्हणून भंगारात गेलेली. आणि "माझ्या लेकीला मीच आणणार, परका ड्रायव्हर कशाला?" असं धैर्यशीलनं सगळ्या भावकीत सांगून टाकलं होतं.

म्हणून आज वापरलेली गाडी घेऊन तिघं घाटाकडे निघाले होते. स्टिअरिंगवर धैर्यशील, शेजारी मंजिरी, मागे शर्वरी.

"पेट्रोल वापरायचं की बॅटरी, हे हायब्रीड गाडीला चालकाचा पाय हलायच्या आधी ठरवावं लागतं," शर्वरी सांगत होती. "म्हणून आमच्या कंपनीनं वीस वर्षांपूर्वीच तिला चालकाचे हातपाय ओळखायला शिकवलं. मग ती पुढचंही शिकली. हाताला वळायला उशीर झाला, की ती स्वतःच थोडं वळवून घेते. आम्ही त्याला पूर्वहस्त म्हणतो. चालकाच्या आधी हलणारा हात."

"म्हणजे चूक सुधारते?" मंजिरीनं विचारलं.

"रफू करते म्हण. पहिल्या वर्षी ती पहिल्या मालकाचा हात शिकते आणि तिच्या लेखी तोच कायमचा बरोबर. नव्या गाडीत रफूचा दोरा आपल्याच कापडाचा, आपल्याला पत्ताही लागत नाही. वापरलेल्या गाडीत दोरा परका. हाताला ओढ जाणवते."

"पत्ता लागत नाही तर बिघडलं कुठे?"

"दाट धुक्यात पूर्वहस्ताला रस्ता दिसत नाही, मावशी. तो बाजूला होतो. मग उरतो फक्त आपला हात."

पहिलं मोठं वळण आलं. धैर्यशीलच्या हाताखाली स्टिअरिंग झटक्यानं सरकलं.

"ओढतेय ही," तो म्हणाला.

दुसऱ्या वळणावर तेच. तिसऱ्यावर त्यानं पकड घट्ट केली, तर झटका आणखी मोठा बसला. त्याच्या कानशिलावर घाम आला. "पहिला मालक वेंधळा असणार!"

"बाई होत्या, काका. साधंच चालवायच्या. आणि वळायची तऱ्हा निराळी असली म्हणून गाडी ओढत नाही. उशीर झाला तरच ओढते."

नाचता येईना अंगण वाकडं, हे धैर्यशीलला कळलं नसेल असं नाही. पण माणूस ते तोंडानं कबूल करत नाही. मंजिरी दरीकडे बघत राहिली. पंधरा वर्षं ती याच्या शेजारी निर्धास्त डुलक्या काढत आली होती. त्यातली किती वळणं यानं घेतली आणि किती गाडीनं? तिला नवऱ्याची दया आली, आणि मग ईशानी आठवली.

"थांबवा. परतताना मी चालवते."

तो उतरून शेजारी बसला. मंजिरी जुनी गाडी कधीमधी चालवायची, पण जपून. तिला स्वतःवर भरवसा होता. पहिल्याच वळणावर स्टिअरिंग तिच्या तळहातातून निसटल्यासारखं फिरलं. पुढच्या वळणावर त्याहून जोरात. तिनं कोपर अंगाशी घट्ट धरलं, शेजारी कळू नये म्हणून.

"तुलाही ओढतेय का गं?" धैर्यशीलनं विचारलं. त्या प्रश्नात केवढी आशा होती! हो म्हटलं असतं तर त्याचं दुःख निम्मं झालं असतं, पण मग लेकीला आणायला घरात कुणीच उरलं नसतं.

"नाही," ती म्हणाली.

तो घसा खाकरून म्हणाला, "मग ईशूला तूच आण. हीच गाडी घेऊ. लेकीपुढे कसला आलाय मान?" लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यानं एवढी मोठी हार कधी मानली नव्हती, आणि ती एका खोट्यावर मानली होती.

पाटणला पोचताच तो व्यवहाराचं बोलायला वापरलेल्या गाड्यांच्या दुकानात गेला. मंजिरी शर्वरीकडे वळली. "तू मागून बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग तू जा बाई ईशानीला आणायला. तुझा हात तरुण आहे. नवीन आणलीस ना तू, दिवाळीत? त्याच गाडीतून जा."

शर्वरी गाडीच्या काचेवरची धूळ पुसू लागली.

"एवढं सगळं माहीत असून तू नवीन का घेतलीस गं?"

"वापरलेली चालवून बघायचा धीर झाला नाही, मावशी."

"इतक्या लोकांना बसवलंस की तिच्यात!"

"लोकांना बसवलं."

मंजिरीनं गाडीची किल्ली तिच्यापुढे धरली. "मग आता बस. पुलापर्यंत जाऊन ये."

शर्वरीनं किल्लीकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.