आत्ता इथं राहत नाही

शिवणबाई काठी टेकत आत आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "मी माझ्या घरात राहत नाही, असं सरकार म्हणतंय."

टाचणीने मान वर केली. खासगी तपास करणाऱ्या या बाईचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. बाजूला तिचे दीर पेंगत होते. नोकरी संपल्यावर ते तिचे मदतनीस झाले होते. टाचणीला टोचून बसायला एक उशी लागते, एवढीच ती मदत.

"मग राहता कुठे?" भाऊजींनी डोळे उघडून विचारलं.

"घरातच हो! तेच तर दुखणं आहे."

दुखणं असं होतं. मालक स्वतः राहत असेल तर घराच्या करात मोठी सवलत मिळते. भाड्याने दिलं की ती जाते. शिवणबाईंनी जन्मभर मुलींना शिवण शिकवलं आणि टाक्याला टाका जोडावा तसं भिंतीला भिंत जोडून घर उभं केलं. उन्हाळ्यात त्यांचा खुबा मोडला, त्या इस्पितळात पडल्या. तेवढ्यात कुणीतरी कर कार्यालयात फोन करून तक्रार केली. निरीक्षक आला, तर कुलूपबंद घराचं दार एका माणसाने आतून उघडलं. म्हणाला, मी इथला भाडेकरू.

"उद्या सुनावणी आहे," शिवणबाई म्हणाल्या. "सवलत परत नाही मिळाली तर घर विकावं लागेल. पेन्शनीत तो कर बसत नाही."

"किल्ल्या कुणाकडे होत्या?"

"तिघांकडे. वरच्या खोलीतला कवळीवाला, शेजारचे हेडमास्तर आणि माझ्या भावाचा मुलगा. भाऊ गेला, मागे हा एकटाच."

कवळीवाला खरोखरच भाडेकरू होता, पण वरच्या खोलीचा. तिचा कर वेगळा लागायचा, त्यात भानगड नव्हती. तो कवळ्या घासत बसला होता आणि त्याच्या यंत्राची घरघर थांबत नव्हती.

"मावशींचं दार मी उघडलं नाही," तो ओरडून म्हणाला. "झाडांना पाणी घालायचं तेही विसरलो. मावशींना सांगू नका."

"झाडं मेली?" भाऊजी.

"दोनच."

हेडमास्तरांनी त्यांना ओट्यावरच उभं केलं. शाळा सुटून वर्षं झाली होती, पण त्यांच्या आवाजातली छडी सुटली नव्हती. "बाईंचं झाड माझ्या अंगणात पानं टाकतं. बाईंना शंभरदा सांगितलं. घर विकलं तर बरंच होईल!"

"किती प्रामाणिक माणूस," बाहेर पडल्यावर भाऊजी म्हणाले.

"प्रामाणिक नाही, भाऊजी. नुसता वाईट आहे. दोन्हीत फरक असतो."

भाचा घरांचा दलाल होता. अत्तर इतकं, की त्याच्या आधी तेच हात पुढे करायचं. "आत्याने उगाच तुम्हाला त्रास दिला. आत्याला मी म्हटलं, घर माझ्या नावावर कर, कराची कटकट मी बघतो. आत्याला मागची खोली देईन की! हवेशीर आहे."

"तिच्याच घरातली?"

"हो, मग!" तो हसला. त्यात विनोद काय, ते त्याला कळलंच नव्हतं.

शेवटी निरीक्षक. घरं तपासणं हे त्याचं काम, आणि घरात न शिरणं ही त्याची पद्धत. "मी फाटकाबाहेरच होतो. गाडी चालू, डोक्यावर हेल्मेट. उन्हात कोण काढतो? तो पडवीच्या जाळीआड होता, चेहरा दिसला नाही. म्हणाला, 'मी भाडेकरू. आत्ता इथं राहत नाही.' म्हणजे मालकीण. मी लिहिलं, 'मालकीण राहत नाही.' संपलं."

"'आत्ता' गाळलंत?"

"एका शब्दाने काय होतं बाई?"

"आजारपणाने मालक तात्पुरता बाहेर असेल, तर सवलत जाते?"

"नाही जात," तो म्हणाला, आणि चहा ढवळत राहिला. आपण आत्ता काय बोललो, हे त्याच्या कानावर आलंच नव्हतं.

सुनावणीला सगळे आले. भाचा आत्याचा हात धरून, तिच्या वतीने बोलायला. टाचणीने निरीक्षकाकडून ते वाक्य पुन्हा वदवून घेतलं. मग ती अधिकाऱ्यांकडे वळली.

"'आत्ता राहत नाही' म्हणजे आज नाही, उद्या येईल. बाई इस्पितळात होत्या. भाडेकरू वरच्या खोलीला आहेच, तिचा कर वेगळा. सवलत जातेच कशी?"

अधिकाऱ्यांनी पेन उचललं. "मुद्दा बरोबर आहे."

"एक मिनिट!" भाचा उठला. "आत्ता कशाला म्हणेल कुणी? यांच्या डोक्यावर हेल्मेट, गाडीचा आवाज. ऐकण्यात चूक झाली. 'आत्या' म्हटलं असणार! आत्या इथं राहत नाही!"

शिवणबाईंनी आपला हात हळूच सोडवून घेतला.

"बरोबर," टाचणी म्हणाली. "मलाही तेच वाटलं होतं. ज्याला सवलत घालवायची आहे तो 'आत्ता' म्हणून वाट मोकळी का ठेवेल? शब्द दुसरा असणार. कवळीवाला मावशी म्हणतो, हेडमास्तर बाई म्हणतात. किल्ली असलेल्यांत आत्या म्हणणारा एकच. खोटं बोलायला गेलास, पण जिभेची सवय घरी ठेवायला विसरलास. आता निवड. 'आत्ता' असेल तर सवलत राहते. 'आत्या' असेल तर भाडेकरू तू होतास, आणि मग भाडेकरूच नव्हता. तरीही सवलत राहते."

"मी... तिच्या भल्यासाठीच..."

"खाली बसा," अधिकारी म्हणाले. निरीक्षकाकडे बघून त्यांनी जोडलं, "आणि तुम्ही यापुढे ते डोक्यावरचं काढून जात जा. आत काही असलं तर त्याला वारा लागेल."

संध्याकाळी शिवणबाईंच्या पडवीत चहा चालला होता. मशीनच्या पायट्यावर त्यांचा बरा पाय हलत होता, सुई जुन्या चादरीवरून गाणं म्हणत चालली होती. फाटक वाजलं. अत्तर आधी आलं, मग हाक.

"आत्या! अगं आत्या!"

पायटा थांबला. शिवणबाईंनी दातांनी दोरा तोडला.

"आत्या इथं राहत नाही," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी कानामागे हात धरला. "काय म्हणाल्या? आत्ता?"

"नाही भाऊजी," टाचणी म्हणाली. "ह्या वेळी ज्याने ऐकायचं, त्याने बरोबर ऐकलंय."