शेजारच्या सीटचं वजन

पहिल्याच भेटीत मी त्याच्या मांड्यांची रुंदी मोजली. ऐकायला कसंतरीच वाटतं, पण बकेट सीट बसवायचं तर दुसरा इलाज नसतो. हे सीट म्हणजे एकसंध कवच. ते मागे रेलत नाही आणि सैलही होत नाही. माप चुकलं की माणूस एक तर त्यात अडकतो, नाहीतर रिकाम्या डब्यातल्या एकट्या बटाट्यासारखा घरंगळतो.

सीटचं काम खरं तर आमच्या गॅरेजातल्या शिवणमास्तरांचं. पण त्या दिवशी मास्तरांची पाठ धरली होती, गॅरेजचा मालक, म्हणजे माझा मामा, फोनवर कोणाशी तरी हुज्जत घालत होता, आणि बाहेरच्या भुरभुर पावसात एक पांढरी, दोन दारांची जपानी गाडी दारात येऊन थांबली. जवळजवळ माझ्याच वयाची. आधीच्या मालकाने इंजिनाला दुप्पट जोर देऊन ठेवला होता. खालचे शॉकअप आणि स्प्रिंगा मात्र कंपनीच्याच होत्या, दमलेल्या. आणि सीट तर आजोबांच्या आरामखुर्चीची सख्खी बहीण.

"डावीकडून, पुढून... एक 'टक्' येतं," तो उतरता उतरता म्हणाला. "खड्डा आला की. आणि ते 'टक्' संपताना किंचित वर जातं."

गिऱ्हाइकं सहसा 'खालून आवाज येतो' एवढंच सांगतात. आवाज वर जातो की खाली, हे सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

"बसा," मी स्टूल पुढे सरकवलं. "पाय जवळ. श्वास नेहमीसारखा घ्या, पोट आत घेऊ नका. माप खोटं येतं."

त्याने घाईघाईने पोट सोडलं. टेप लावताना त्याचे कान लाल झालेले मला दिसले. मी अर्थातच न दिसल्यासारखं केलं.

"शेजारचं सीट कोणासाठी? त्यांनाही घेऊन या. माप लागेल."

"शेजारचं काढूनच टाका. वजन कमी होईल. तिथे कोणी बसत नाही."

"बायको?"

"नाही."

"मैत्रीण?"

"तुम्ही सगळ्याच गिऱ्हाइकांची इतकी चौकशी करता?"

"सीटपुरती," मी म्हटलं, आणि वहीत त्याचं माप लिहिताना तीन वेळा खोडलं.

तो एका दवाखान्यात कान तपासायचा. लोकांना छोट्याशा बंद खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, आवाज आला की बटण दाबायला सांगायचं. आमच्या मामाला गिऱ्हाइकांची खरी नावं लक्षात राहत नाहीत. त्याने तिथल्या तिथे याचं 'कानवाला' करून टाकलं. मला मामा लहानपणापासून 'भाचेबाई' म्हणतो. रागावला की नुसतं 'बाई'.

आता माझ्या दुखण्याचं सांगते. सात वर्षं मी मामाच्या गॅरेजात काम करत होते. शॉकअप बदल, बुश बदल, सगळं माझ्या हातचं. पण मागच्या खोलीतले चार वजनकाटे मामा कोणालाच देत नसे. गाडी खरी 'बसते', म्हणजे चारही चाकांवर तोल धरते, ती त्या काट्यांवर. ते काम ज्याचं, गॅरेजात त्याचाच शब्द शेवटचा. मामाचे गुडघे बोलायला लागले होते आणि दुसऱ्या गॅरेजातला एक तयार माणूस आणायचं त्याच्या मनात घोळत होतं. मी त्यावरून दोन दिवस अबोला धरला. तेव्हा कुठे तो म्हणाला, "ही पांढरी तू बसव. महिनाभर तक्रार आली नाही तर काटे तुझे. आली, तर मी त्या माणसाला बोलावणार."

कानवाल्यालाही मी हे सांगितलं. का सांगितलं, देव जाणे. तो रोज संध्याकाळी दवाखाना सुटला की 'काम बघायला' यायचा, आणि बघायचा कमी, विचारायचा जास्त. मीही उत्तरं जरा लांबवायचे.

"हे नवे शॉकअप..." तो एकदा खाली वाकून म्हणाला. "यांना आटे कशाला?"

"स्प्रिंग आणि शॉकअप एकत्रच आहेत. ही कडी आट्यांवर फिरते. वर फिरवली की गाडीचा तो कोपरा उचलला जातो. चारही कोपऱ्यांत वेगवेगळा फिरवता येतो."

"आणि किती फिरवायचं, हे तुम्हाला कसं कळतं?"

"तुमच्या खोलीतल्या माणसाला आवाज आला हे तुम्हाला कसं कळतं?"

"बटण दाबतो म्हणून. पण काही जण आवाज न येताच दाबतात. बहिरे ठरायला नको म्हणून. त्यांचं बटण फार लवकर येतं." तो हसला. "मला लगेच कळतं."

सीटं जोडीनेच आली. विकणारा एक सुटं द्यायला तयार नव्हता. मी दोन्ही बसवली. चालवणाऱ्याचं जरा खाली, जरा मागे. तो आत बसला तेव्हा माप इतकं नेमकं होतं, की मास्तरांनी धरलेल्या पाठीनिशी उठून येऊन मला शाबासकी दिली. शेजारचं सीट तसंच रिकामं राहिलं.

मग काट्यांचा दिवस आला. डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली आपण कागदाची घडी घालतो ना, तेच काम, पण किलोकिलोने. चार चाकांखाली चार काटे. चालवणाऱ्याने आपल्या जागी बसायचं. मग कड्या फिरवत राहायचं, जोवर समोरासमोरच्या तिरक्या दोन-दोन चाकांची बेरीज सारखी येत नाही. मामा म्हणाला, "कड्या मी फिरवतो, डोकं तू चालव." तो चाकाच्या कमानीत शिरला, म्हणजे फक्त त्याचे पाय बाहेर. मी काट्यांना वायरने जोडलेलं आकड्यांचं यंत्र हातात घेऊन खिडकीशी उभी होते.

"बसा ना," कानवाला म्हणाला. "ते सीट रिकामं वाईट दिसतं. इतकं छान बसवलंय तुम्ही."

वायर लांब होती. मी बसले.

दोन तास आम्ही बोललो. मध्ये मध्ये मी आकडे वाचायचे, 'डावं मागचं अर्धा आटा' वगैरे सांगायचे, आणि पुन्हा बोलायचो. त्याच्या आईला तिखट आवाजाची कामवाली हवी असते, कारण मऊ बोललेलं तिला ऐकू येत नाही, आणि मुलगा कानाचं मशीन लावायला सांगतो म्हणून ती त्याच्यावरच रुसते... असलं काहीबाही. दोन्ही बेरजा तंतोतंत जुळल्या. आम्ही दोघंच फेरी मारून आलो. गाडी अशी वळत होती, जणू वळणं तिनेच आखली होती. मी त्या रात्री आनंदाने नीट जेवलेही नाही.

आठव्या दिवशी तो नटबोल्ट पुन्हा आवळून घ्यायला आला. नव्या कामात आठवड्याने ते करावंच लागतं.

"कशी आहे?"

"छान!"

फार लवकर आलं ते. मी पान्हा खाली ठेवला.

"आवाज न येताच बटण दाबलंत तुम्ही."

त्याने मामाच्या दिशेने पाहिलं आणि आवाज उतरवला. "अगदी थोडंसं आहे हो. मला सवय होईल. महिना संपू दे, मग बघू."

"काय थोडंसं आहे?"

"डावीकडे वळताना झकास. उजवीकडे वळताना जरा रुसते. म्हणजे वळते, पण एकदा विचार करते." तो नजर चुकवत पुढे म्हणाला, "आणि... तुम्ही शेजारी असलात की असं होत नाही."

माझा चेहरा तापला. असं काही कोणी मला याआधी म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तरी इतक्या भाबड्या चेहऱ्याने नक्कीच नाही. मी केसांची बट मागे सारली, काहीतरी नखरेल उत्तर शोधलं, तोंड उघडलं... आणि तसंच उघडं राहिलं.

कारण ते कौतुक नव्हतं. तो गाडीचं दुखणं सांगत होता, तंतोतंत.

तुम्ही शेजारी असलात की असं होत नाही. होणार कसं? मी आत बसून काटे वाचले होते! गाडी मी एका माणसासाठी नाही, दोघांसाठी बसवली होती. नंतरची फेरीही दोघांची, म्हणून चूक कळली नाही. आठ दिवस हा एकटा चालवत होता, आणि शेजारच्या सीटमधून माझं अख्खं वजन गायब होतं. शिकाऊ पोरसुद्धा असलं करत नाही.

"तुम्ही काही बोलू नका," तो हळूच म्हणाला. "मी तक्रार केलेलीच नाही. तुमचे काटे..."

बावीस दिवस. फक्त गप्प राहायचं होतं. तो गप्प राहणार होता, मला खात्री होती, आणि त्याचं मला फार फार बरं वाटलं. पण तो रोज त्या गाडीतून जाणार, ओल्या रस्त्यावर उजवीकडे वळणार, आणि गाडी एकदा विचार करणार. ती माझ्या हातची गाडी होती. मी मामाकडे गेले.

"मामा, पांढरीची बेरीज चुकली आहे. माझी चूक."

मामाने हातातलं फडकं खाली ठेवलं. "जुळली होती ना?"

"मी आत बसले होते."

"आत? म्हणजे शेजारी? का?"

यावर सांगण्यासारखं एकच कारण होतं आणि ते अर्धं गॅरेज ऐकत होतं. मास्तरांनी शिवणयंत्र थांबवलं. कानवाला माझ्या मागे येऊन उभा राहिला होता, हे त्याच्या श्वासावरून कळलं.

"त्यांच्याशी बोलायला," मी म्हटलं. "मला बोलायचं होतं त्यांच्याशी."

मामाने आधी कानवाल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "किती किलो?"

"काय?"

"तुझं वजन गं, बाई."

"छप्पन्न."

मामाने चष्म्यावरून पाहिलं.

"एकोणसाठ."

"चढव गाडी काट्यांवर. आज कड्याही तूच फिरव. आणि आत फक्त चालवणारा." मामा उठून बाहेर गेला. त्याच्या पाठीवरून काहीच कळत नव्हतं.

मी गाडी काट्यांवर घेतली. कानवाला एकटा आत बसला, यंत्र त्याच्या हातात. दोन तिरक्या बेरजांमध्ये चौदा किलोंचा फरक निघाला. मी पुढच्या चाकाच्या कमानीत डोकं घातलं, कडी सैल केली आणि आवाज शक्य तितका कोरडा ठेवून म्हटलं, "आकडे सांगा."

"डावं पुढचं तीनशे चव्वेचाळीस. उजवं पुढचं तीनशे एकोणचाळीस."

मी फिरवत गेले. तो वाचत गेला. सवयीचा माणूस, एकेक आकडा स्पष्ट, सावकाश. अर्ध्या तासाने फरक दोन किलोंवर आला.

"उजवं मागचं तीनशे सतरा," तो म्हणाला. "आणि मला तुम्ही फार आवडता."

माझा हात आट्यावर थांबला.

"काय म्हणालात?"

"तीनशे सतरा."

"ते ऐकलं मी."

बाहेर कोणीतरी शटर ओढलं. मी पान्हा घट्ट धरून त्या काळोख्या कमानीत, ग्रीसच्या वासात बसून होते आणि हसत होते, कारण तिथे कोणी बघणारं नव्हतं.

"मी काही चुकीचं..." सीट कुरकुरलं. तो खिडकीतून वाकून मला शोधत होता.

"मलाही तुम्ही आवडता," मी चाकामागून ओरडले. "पहिल्या दिवसापासून. पण आता हलू नका! काटे स्थिर होऊ देत."

तो पुतळ्यासारखा बसून राहिला. शेवटचा पाव आटा मी मुद्दाम सावकाश फिरवला. सहाशे पंचावन्न एका बाजूला, सहाशे पंचावन्न दुसऱ्या.

मामा आत आला, आकडे पाहिले, पुन्हा पाहिले. "तक्रार आली," तो म्हणाला. "शब्द म्हणजे शब्द. सोमवारी तो माणूस येतोय."

सात वर्षं, आणि दोन तासांच्या गप्पांत घालवली होती मी. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी डोळे भरलेच.

"मामा, मी तक्रार केली नव्हती," कानवाला म्हणाला. "त्यांनीच सांगितलं. लपवता आलं असतं."

"मला काय, कमी ऐकू येतं?" मामा खेकसला. "तो माणूस सोमवारी येतोय तो कड्या फिरवायला. माझे गुडघे आता त्या कमानीत जात नाहीत. आकडे भाचेबाई बघेल. स्वतःची चूक स्वतः घेऊन येणारं माणूस मला बाहेर मिळणार नाही." मग त्याने बोट रोखलं, माझ्यावर नाही, कानवाल्यावर. "मात्र गाडी काट्यांवर असताना तू या खोलीत दिसायचं नाहीस."

"आणि काट्यांवर नसताना?"

"तेव्हा माझा काय संबंध?"

कानवाला एकटाच फेरी मारायला गेला. मी फाटकाशी उभी राहून ऐकत होते: डावं वळण, उजवं वळण, दोन्ही सारखी. परत येऊन त्याने इंजिन चालूच ठेवलं.

"बिनचूक," तो म्हणाला. "एकट्या माणसासाठी अगदी बिनचूक."

"मग तोंड का उतरलंय?"

त्याने वाकून पलीकडचं दार आतून उघडलं.

"मी बसले तर सगळी बेरीज बिघडेल," मी म्हटलं. "चौदा किलोंनी."

"बिघडू दे ना..."

मी हात पुसले, बसले आणि पट्टा लावला. पहिल्याच वळणावर गाडीने एकदा विचार केला. आम्हा दोघांनाही ते कळलं, आणि दोघांनीही तक्रार केली नाही.