काळदेशाची वाकडी नदी

आकांक्षाला सुट्टीच्या खेळात मिळणार काय होतं? एक फुकटची नदी. सुट्टीत ती अकोल्याहून चांदूर रेल्वेजवळच्या काकाजींच्या शेतात आली, की चुलतभाऊ देवमनसोबत उन्हानं फाटलेल्या काळ्या मातीत 'काळदेश' वसवायची. भेगा म्हणजे नद्या, बाभळीच्या शेंगा म्हणजे नावा, कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काड्या म्हणजे पूल. प्रजा मुंगळ्यांची. ती कर भरत नसे, उलट राणीलाच चावे.

यंदा नव्या विहिरीलगत एक आयती नदी सापडली. देवमननं तिच्यावर पूल टाकला आणि स्वतःला मंत्री नेमलं.

दुसऱ्या दिवशी पूल नदीत पडलेला.

"मुंगळ्यायनं पाडला असंन," मंत्री म्हणाले.

आकांक्षानं लांब काडी आडवी ठेवली. दोघं पाणी पिऊन येईपर्यंत तीही आत गेली. आकांक्षा वाकून बघू लागली. काळदेशाच्या बाकी नद्या वेड्यावाकड्या पळत. ही मात्र कमानीसारखी वळून विहिरीचा काठ कवेत घेत होती. शिवाय इथे पंपाचं पाणी सांडून माती ओली होती. ओल्या मातीत नदी मिटते. ही उघडत चालली होती.

"देवमन, काठ खचून राहिला," ती कुजबुजली.

आणि त्याच काठावर काकाजींनी, म्हणजे भगवंतरावांनी, गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांच्या जेवणासाठी सतरंज्या अंथरल्या होत्या. विहीर अजून बांधलेली नव्हती. पण जेवता जेवता पाहुण्यांनी पाणी पाहायलाच हवं होतं. देवमनची धाकटी बहीण प्राजक्ता तर कडेला बसून आत खडे टाकत होती.

आकांक्षानं सांगून पाहिलं. काकाजी पाहुण्यांकडे बघत हसले. "वावरात भेगा नाई तर काय झुंबरं रायतीन? काहून भेव दाखवतं पोरी?"

पाहुणेही हसले. आकांक्षानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. ही माणसं शब्दाला उठणारी नव्हती. रोडग्यांना उठणारी होती.

तिनं डोळ्यांनी खूण केली. देवमननं रोडग्यांची टोपली उचलली, तिनं वांग्याच्या भाजीचं पातेलं, आणि दोघं लांबच्या कडुनिंबाकडे पळत सुटली. मागून अख्खी पंगत ओरडत आली. काकाजी सर्वांत पुढे, एकाच चपलेवर.

प्राजक्ता मात्र जागची हलली नव्हती.

आकांक्षानं पातेलं खाली ठेवलं आणि उलटी धावली. नदी आता हातभर रुंद झाली होती. ती ओलांडताना खालून माती करकरल्याचं ऐकू आलं. प्राजक्ताला बखोटीला धरून तिनं परत उडी मारली आणि मागे न बघता पळाली.

मग धप्प आवाज झाला आणि काठ होता तिथे नुसती धूळ उरली.

काकाजींनी आकांक्षाच्या डोक्यावर हात ठेवला. "माती मायी, पण समजली तुले," ते म्हणाले.

काकाजींच्या पंपाची मोटर गेली, सतरंज्या गेल्या, दुसरी चप्पल गेली. राणीचं अर्धं राज्य बुडालं. पाहुण्यांना फक्त गार रोडगे खावे लागले. प्राजक्ताचं काहीच गेलं नव्हतं, पण भोकाड पसरलं होतं तिनंच. मुठीतला शेवटचा खडा टाकायचा राहून गेला होता.