नेटवर्कमधलं तिसरं नाव

ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. ममता माझी मावसबहीण. तिला साधी थाप मारता येत नाही, हे आमच्या सगळ्या गोतावळ्याला ठाऊक आहे.

९ मार्च २०२२, बुधवार. नंदुरबार तालुक्यातलं धानोरा. रात्र नव्हती, भर दुपार होती.

ममता ही नवनीतची दुसरी बायको. पहिली मोहिनी सहा वर्षांपूर्वी कॉम्प्युटरचा शॉक लागून गेली, असं लग्न ठरवताना सांगितलं होतं. संतापाच्या भरात नवनीतने तो कॉम्प्युटर पहारीने फोडून विहिरीत टाकला म्हणे. मेलेल्या सवतीचा मान म्हणून ममताच्या गळ्यात मोहिनीच्या नावाचा चांदीचा टाक होता. घरात नवं काही आलं की आधी तिचं नाव घ्यायचं, मग आपण वापरायचं. साडी असो नाहीतर कुकर.

ममता शाळेत शिकवायची. त्या दिवशी प्रश्नपत्रिका छापायच्या होत्या. घरातला जुना प्रिंटर फक्त मागच्या खोलीतल्या एक्सपीवाल्या कॉम्प्युटरलाच ओळखायचा आणि तिचा लॅपटॉप विंडोज टेनचा. म्हाताऱ्या सासऱ्याचं नव्या सुनेशी पटू नये, तसं त्या दोन मशीनचं पटेना. तिने पुढच्या खोलीतून मागे निळी वायर ओढली. दोन्हीकडे वर्कग्रुपचं नाव एकच ठेवलं. तरी जुनं मशीन तिला आत घेईना. शेवटी वैतागून तिने पासवर्डच काढून टाकला आणि सगळ्यांना परवानगी देऊन टाकली.

मग रीतीप्रमाणे टाकाला हात लावून म्हणाली, "बहीन, पहिले तू."

यादीत दोन कॉम्प्युटर दिसायला हवे होते.

तीन दिसले...

ममता. घर. आणि मोहिनी.

तिने लॅपटॉपमधून वायर उपसली. नाव गेलं नाही. तेवढ्यात लाईट गेली, पंखा थांबला.

आणि मागच्या खोलीत...

खर्र... खर्र...

प्रिंटर चालू झाला होता.

ममता मागे गेली. प्रिंटरमध्ये फक्त काळी शाई होती. पान मात्र लाल आलं. ओलं.

पहिल्या पानावर मोहिनीचा चेहरा, ओठ फाटलेला.

दुसऱ्यावर ती जमिनीवर पडलेली, कवटी फुटलेली. वर पहार घेतलेला नवनीत. तिचे पाय कुणीतरी दाबून धरले होते, पण त्या माणसाचा चेहरा पानाबाहेर राहिला होता.

तिसऱ्या पानावर ममता स्वतः होती. खाली आजची तारीख.

ती वळली. दारात नवनीत उभा होता, शेतातून आलेला. त्याने पानं पाहिली.

"हाई कोनी काढं?" त्याने अगदी हळू विचारलं.

मग कडी लावली आणि कोपऱ्यातली पहार उचलली.

पहिला घाव तिने हातावर झेलला. ऊस मोडावा तसं हाड मोडलं. ती भिंतीला टेकली. आता आपण मेलो, एवढंच तिच्या मनात आलं. त्याने पुन्हा पहार उगारली.

जमिनीवरची वायर हलली...

एक वेढा त्याच्या गळ्यात पडला. मग दुसरा. पहार सुटली. तो पाठीवर कोसळला आणि फरफटत कॉम्प्युटरच्या टेबलाकडे निघाला. नखं फरशीवर मोडली, डोळे बाहेर आले, तोंडातून रक्ताचा फेस आला. टेबलापाशी त्याची मान कटकन मोडली.

वायरचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. ते हवेत ताणलेलं होतं.

कागदोपत्री तो अपघात आहे. वायरीत पाय अडकून पडला, असं लिहिलंय.

पण त्या वेळी परसदारी ममताची सासू शोभाबाई येऊन उभी होती. तिने मुलाकडे पाहिलं. रडली नाही. ममताला म्हणाली,

"तिले इचार... आते मन्हा नंबर शे का?"

मी ममताला विचारलं, मग तू विचारलंस का?

"इचारानं कामच पडनं नही," ती म्हणाली. "चौथं पान निंघी ऱ्हायंतं."

शोभाबाई अजून जिवंत आहे. त्या पानावर तिचाच चेहरा आहे, आणि खालची तारीख अजून यायची आहे. ममता ती कुणालाच सांगत नाही, आणि खरं सांगतो, मलाही ती ऐकायची नाही.